दंडूतला खंडोबा

आमच्या लग्नाच्या मध्येच सुतक आलं, म्हणून माझी आणि खंडोबाची पहिली भेट चर्चमध्ये झाली. घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण जो तो आपल्या सोयीचा तुकडा सांगतो. मी बोलण्यात कधीच पुढे नव्हते. चार माणसांत पाणी मागायचं म्हटलं तरी माझी जीभ टाळूला चिकटते. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, म्हणून एकदा माझ्यापुरतं पहिल्यापासून लिहून काढते.

माझं माहेर साताऱ्याकडचं, शाळा चौथीपर्यंत. भाषावार राज्यं होणार म्हणून जिकडेतिकडे वादावादी चालली होती, त्या सुमारास मला बंगळूरला दिलं. सासरची माणसं मराठी खरी, पण तीनशे वर्षं तिकडेच मुरलेली. बसवनगुडीत त्यांचं छोटं घर होतं. पहिले काही दिवस मी त्यांचं मराठी ऐकून नुसती मान हलवत होते. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्या ‘थोडं’ म्हणत नसत, ‘स्वल्प’ म्हणत. ‘बरं’ म्हणत नसत, ‘सरी’ म्हणत. सासरे फार पूर्वीच गेलेले. घरात आत्या, आमचे हे आणि मी, एवढीच माणसं.

आत्यांना घराण्याचा भारी अभिमान. मूळपुरुष म्हणे कुठल्याशा फौजेबरोबर घोड्यावर बसून इकडे आला आणि आनेकलच्या बाजूला लढताना पडला. देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी त्याचाही चांदीचा टाक होता. बोटाच्या पेराएवढ्या पत्र्यावर घोडा, घोड्यावर माणूस, माणसाच्या हातात भाला. त्याला वीर म्हणायचं. हे म्हणत, हा कसला घोड्यावर बसून येतोय, घोड्याचं शेपूट धरून आला असेल, मोतद्दार असणार. त्यावर आत्या म्हणत, निदान तुझ्यासारखा पंक्चर सायकल ढकलत तर आला नाही.

लग्न माझ्या माहेरी झालं. त्यांच्या घराची रीत अशी, की लग्न झाल्यावर आधी जेजुरी. नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, भंडारा उधळायचा, कुलदैवताच्या पायांवर डोकं ठेवायचं, आणि मग संसार. पण लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बंगळूरहून तार आली, की यांचे चुलत आजोबा वारले. ते मला कधी भेटले नाहीत. नव्वदीच्या घरातले होते आणि गेली कित्येक वर्षं आज जातो, उद्या जातो असंच चाललं होतं म्हणे. आणखी चार दिवस कळ काढली असती तर त्यांचं काय बिघडणार होतं? सुतकात देवाकडे जाता येईना, आणि सुतक फिटेपर्यंत यांची रजा संपली. आम्ही गाडीत बसून बंगळूरला आलो. यांच्या सरकारी कारखान्यात पुढची मोठी रजा मिळायला वर्ष तरी जाणार होतं.

आत्यांनी जाहीर केलं, की दर्शन होईपर्यंत संसार सुरू व्हायचा नाही. संसार म्हणजे काय ते त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. पण यांची वळकटी ओट्यावर सायकलशेजारी नेऊन टाकली आणि माझी आपल्या अंथरुणाशेजारी, तेव्हा मला उमगलं. स्वयंपाक, धुणी, भांडी, पाणी भरणं हे संसारात मोडत नव्हतं. ते देवाला विचारल्याशिवाय चाललं होतं.

हे संध्याकाळी कारखान्यातून आले की मी स्वयंपाकघरात असे आणि आत्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेल्या असत. यांना सारखी तहान लागे. एकदा पाणी पिऊन गेले की थोड्या वेळाने परत हजर. आत्या सुपातून मान वर न काढता म्हणायच्या, “घशात विहीर खणलीस का रे?” मी पेला पुढे करताना बोटाला बोट लागे, तेवढंच. मलाही वाटत होतंच. ते लिहायला आता लाजायचं कारण नाही.

असे काही महिने गेले. मग यांनी पलंगाची युक्ती काढली. दंडूत, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या भागात, तेव्हा पुष्कळ गोरी आणि निमगोरी माणसं सामान विकून विलायतेला चालली होती. अशाच एका म्हाताऱ्या दोरसानीकडे, म्हणजे मडमेकडे, पितळी खांबांचा मोठा पलंग विकायला आहे, असं यांना कारखान्यात कळलं. घरात दोघांचा पलंग येऊन पडला की आईला रोज बघून बघून लाज वाटेल, असा यांचा हिशेब. आत्या म्हणाल्या, सरी, पण मी बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. म्हणून एका सकाळी आम्ही तिघं जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, बसून दंडूला गेलो.

दोरसानी उंच, वाळकी, फुलाफुलांच्या झग्यातली. नवरा नव्हता, घरात माणूस नव्हतं. आमच्याशी ती दंडूतली हिंदुस्थानी बोलली आणि आत्यांना ती चांगली समजत होती. पलंग खरंच राजाचा होता. चार खांब, खांबांवर पितळेचे गोळे, हात लावला की अंगभर करकरणारा. जटकेवाला म्हणाला, हे धूड नेलं तर माझा घोडा मरेल. मग हे बैलगाडी शोधायला गेले. आत्यांना तहान लागली, पण दोरसानीच्या घरचं पाणी चालेना. दोरसानीला राग आला नाही. तिने शेजारच्या चर्चच्या आवारातला नळ दाखवला.

पाणी पिऊन झाल्यावर आत्यांनी चर्चच्या उघड्या दारातून आत डोकावलं आणि तिथेच खिळल्या. मग चपला काढून आत शिरल्या. मीही मागोमाग गेले.

आत गार होतं, मेणाचा वास येत होता. उजव्या भिंतीवर, आपल्याकडे कोनाड्याला असते तशा कमानीत, एक भलंमोठं चित्र होतं. रंगवलेलं नव्हे. हरभऱ्याच्या डाळीएवढे काचेचे तुकडे एकाला एक लावून केलेलं. त्याला मोझॅक म्हणतात हे मला पुढे कळलं. मला तेव्हा वाटलं, कुणीतरी भिंतीवर रांगोळी घातली आणि ती खाली पडायची विसरली. पांढरा घोडा, पुढचे पाय उचललेला. त्यावर चिलखत घातलेला तरणाबांड स्वार. त्याचा भाला खाली एका हिरव्या खवल्यांच्या जनावराच्या घशात गेलेला. एका कोपऱ्यात एक बाई हात जोडून उभी. आणि मागे सगळं सोनेरी. खिडकीतलं ऊन त्या तुकड्यांवर पडून ते पिवळंधमक उडत असल्यासारखं दिसत होतं.

आत्यांनी पदर डोक्यावरून घेतला.

“भंडारा उधळलाय बघ,” त्या हलकेच म्हणाल्या. “हा इथे कधी आला गं?”

मी काय सांगणार? मला तर तो सोंगाड्यासारखा नटलेला परका शिपाई वाटत होता. पण आत्यांनी एकेक खूण पटवायला घेतली. घोडा बरोबर. भाला बरोबर. खाली पडलेला मणी दैत्य. मग मल्ल कुठे? तो घोड्याच्या मागे असेल, दिसत नाही एवढंच. कोपऱ्यातली म्हाळसा. आता बाणाई कुठे, असा प्रश्न आला तेव्हा त्या जरा अडल्या. पण लगेच म्हणाल्या, या लोकांत एकच बायको काढायची रीत असणार. कुत्रा काही सापडला नाही. तो बाहेर गेला असेल, असं ठरलं.

तेवढ्यात हे आम्हाला शोधत आले. चित्राखाली पांढऱ्या दगडावर इंग्रजी अक्षरांच्या ओळी होत्या. आत्यांनी यांना विचारलं, काय लिहिलंय? हे जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. मग आत्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “नावं आहेत. भाविकांची असतील.”

“इथे गर्दी कधी असते?”

“रविवारी.”

आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता आणखी काय पुरावा पाहिजे. रविवार हा खंडोबाचाच वार.

पलंग घरी आला. रिकामा ठेवला तर भूत येऊन झोपतं, असं म्हणून आत्या त्यावर झोपायला लागल्या आणि नवीन सून जमिनीवर कशी झोपवायची म्हणून मलाही शेजारी घेतलं. हे ओट्यावर सायकलपाशीच. आपण कमावलेल्या पलंगावर आपली आई आणि आपली बायको झोपलेली बघण्याचं भाग्य फार थोड्यांना मिळतं, असं ते पुढे म्हणत. आत्यांना मात्र त्या पलंगावर एक दिवस धड झोप लागली नाही. मी लाथा मारते म्हणे.

त्याच आठवड्यात एकदा दुपारी कणीक मळता मळता त्यांनी निर्णय सांगितला. देव सगळीकडे एकच. जेजुरी लांब आहे हे त्यालाही कळतं, म्हणून तर तो दंडूत येऊन राहिला. येत्या रविवारी विधी उरकायचा. हे म्हणाले, “आई, तू म्हणतेस तर…” असं काही शहाण्यासारखं तोंड करून, की मला हसू लपवायला चुलीत फुंकर घालावी लागली.

रविवारी सकाळी आत्यांनी पलंगावरची गादी उन्हात टाकली, आपलं अंथरूण गुंडाळून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि मला लग्नातलं हिरवं लुगडं नेसवलं. भंडाऱ्याची पुरचुंडी, खोबऱ्याचे तुकडे आणि नारळ घेऊन आम्ही निघालो.

चर्चला पायऱ्या तीनच. आत्यांनी हे आधी बघितलं नव्हतं. आत प्रार्थना चालली होती, बाजाच्या पेटीसारखं काहीतरी मोठ्याने वाजत होतं. आत्यांनी स्वल्प विचार केला आणि म्हणाल्या, तीन चढ, उतर, मग परत दोन चढ. पाच होतात.

आता हे काडीसारखे आणि मी भाकरी-पिठल्यावर पोसलेली. यांनी मला उचललं तेव्हा यांच्या मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या. मी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या पायरीवर पोचलो आणि बाजा थांबला. दारं उघडली आणि सगळी माणसं बाहेर यायला लागली. टोप्या घातलेल्या बायका, कोटातले पुरुष, मोजे घातलेली पोरं. आणि समोर एक माणूस एका बाईला उचलून जिना चढतोय, तिला घेऊन परत उतरतोय, आणि पुन्हा चढतोय. मला वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. पण त्यांच्यातही नवऱ्याने नवरीला उचलून घरात नेण्याची काहीतरी चाल असावी. एका बाईने टाळी वाजवली, मग दहा जणींनी वाजवली. एका म्हाताऱ्याने टोपी काढून आम्हाला वाट दिली. पाचव्या पायरीवर आत्यांचा ताबा सुटला आणि त्यांनी ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ अशी जी आरोळी ठोकली, तिने कबुतरं उडाली. त्या लोकांना तीही आवडली. एक-दोघांनी तसंच ओरडून बघितलं.

आत गेलो. मी आणि यांनी भिंतीपुढे डोकं टेकलं. आत्यांनी मूठ भरून भंडारा उधळला. घोडा, स्वार, म्हाळसा सगळे पिवळे झाले आणि उरलेली हळद खालच्या अक्षरांत जाऊन बसली. यांनी मला कोपराने हळूच ढोसलं. झालं. सुटलो. मला घरची उन्हात टाकलेली गादी दिसायला लागली.

तेव्हा ती पलंगवाली दोरसानी आली. बाहेर टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती. आम्हाला ओळखून हसली. मग तिने पर्समधून एक फडकं काढलं, भिंतीपाशी वाकली आणि अक्षरांची एक ओळ पुसायला लागली. फक्त एकच. बाकीच्या ओळींवरची हळद तिने तशीच राहू दिली.

आत्यांना ते खटकलं. त्या म्हणाल्या, “पोंछो मत, अम्मा. परसाद है.”

दोरसानी पुसता पुसता म्हणाली, “मेरा बेटा है.”

आत्यांनी आजूबाजूला बघितलं. “किधर?”

“इधर.” तिने ओळीवर बोट ठेवलं. “बर्मा की लडाई में गया. वापस नहीं आया.”

आत्यांचा खोबरं धरलेला हात तसाच वर राहिला. त्यांनी दुसऱ्या ओळीकडे बोट केलं. “और ये?”

“ये भी.”

“ये?”

“सब, अम्मा. सब मर गये.”

आत्या सावकाश यांच्याकडे वळल्या. हे छत बघत होते. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

“तुला वाचता येतं ना रे?” आत्यांनी विचारलं.

तेवढ्यात पाद्री आला. त्याला भिंतीवरची हळद दिसली. हे मराठीत आत्यांच्या कानात म्हणाले, घाबरू नको, याला आपण भंडारा म्हणजे झाडावरचे परागकण म्हणून सांगू. पाद्री मंगळूरकडचा, कोकणी बोलणारा निघाला. त्याला शब्दन् शब्द कळला. त्याने बादली आणि केरसुणी आणून यांच्या हातात दिली. विधीच्या दिवशी नवरदेवाने चर्च धुवून दिलं. काचेचे तुकडे हळद सोडेनात. घोड्याचे पाय पिवळटच राहिले.

घरी आल्यावर आत्यांनी तिघांना डोक्यावरून अंघोळ करायला लावली. मग गादी उन्हातून आत घेतली, आपलं अंथरूण परत पलंगावर पसरलं आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. “नव्या सुनेला मी मसणात फिरवून आणलं,” एवढंच म्हणाल्या. एका सुतकातून सुटायला म्हणून गेलो आणि पंचवीस-तीस सुतकं एकदम घेऊन आलो, असा सगळा प्रकार. हे दाराशी उभं राहून म्हणाले, आई, घोडा तर खरा होता ना? आत्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. यांनी मुकाट्याने वळकटी उचलली आणि ओट्यावर गेले.

मला त्या दिवशी फार रडू आलं. आत्यांचं चुकलं असं वाटलं नाही, यांचंही नाही. पण असं वाटलं, की या घरात कुणी ना कुणी मरतच राहणार, आत्ताचे नाहीतर पूर्वीचे, इथले नाहीतर बर्म्यातले, आणि मी म्हातारी होईपर्यंत सासूशेजारी झोपणार.

तिन्हीसांजेला मी देवघरातले टाक घासायला घेतले. चिंच आणि राख लावून एकेक टाक घासत होते. वीराचा टाक हातात आला आणि घासता घासता माझं बोट थांबलं. घोडा, पुढचे पाय उचललेला. स्वार. भाला. मी तो टाक उलटा करून बघितला, परत सुलटा केला. आत्या दिव्याची वात वळत बसल्या होत्या. लग्नापासून मी त्यांच्याशी ‘हो’ आणि ‘जेवायला बसा’ याच्यापलीकडे आपणहून काही बोलले नव्हते. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“आत्या,” मी म्हटलं, “हे वीर कुठे पडले?”

“आनेकलकडे. सांगितलंय ना तुला.” त्यांचा आवाज अजून कोरडा होता.

“पडले म्हणजे?”

“पडले म्हणजे पडले. कापले गेले. मेले.”

“यांचं सुतक धरतात का?”

“वीराचं कसलं सुतक गं? वीर देवात जातो.” वात त्यांच्या तळहातावर तशीच राहिली. मी टाक पाण्यात बुडवून वर धरला. घोडा चकाकला.

“मग त्या दोरसानीचा मुलगा?” मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता तोंडात बसणार. त्यांनी टाक माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, पदराने पुसला.

“चुरूचुरू बोलायला लागलीस,” त्या म्हणाल्या. पण आवाज बदलला होता.

मग त्यांनी यांना हाक मारली आणि उलटतपासणी सुरू केली. वर घोड्यावर जो आहे, तो मेलेल्यांपैकी आहे का? हे म्हणाले, नाही, तो त्यांचा जुना देवमाणूस, राक्षस मारणारा. आणि खालची नावं लढाईत पडलेल्यांची? हो. पाठीवर वार लागलेला त्यात कुणी नाही ना? हे म्हणाले, तसं काही लिहिलेलं नाही, पण भिंतीवर नाव घालायचं म्हणजे समोरच लागलेला असणार. मग आत्यांनी निकाल दिला. वर देव, खाली त्याचे वीर. आपल्या देवघरात तरी दुसरं काय आहे? फक्त त्यांचे वीर जास्त, कारण ते लोक भांडकुदळ. दर्शन लागू झालं.

जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतःचं अंथरूण उचललं आणि बाहेरच्या खोलीत गेल्या. जाताना वीराचा टाक माझ्या कपाळाला लावला. हे सायकलशेजारून आत आले तेव्हा त्यांना तहान लागलेली नव्हती.

तो पलंग मात्र भारी चहाडखोर. नुसती कूस बदलली तरी चारी गोळे वाजायचे. सकाळी उठून बघते तर दाराशी शिवणयंत्राच्या तेलाचा डबा ठेवलेला. आत्या अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या आणि आमच्याकडे त्यांचं बिलकूल लक्ष नव्हतं.

पुढे मला दिवस गेले तेव्हा दोरसानी विलायतेला निघाली होती. निरोप घ्यायला ती आमच्याकडे आली. पलंगावर बसली, एका गोळ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, माझा मुलगा याच्यावरच जन्मला. आत्यांनी तिची ओटी भरली. विधवेची ओटी भरतात का, असं यांनी मला डोळ्यांनी विचारलं. मी खांदे उडवले. आत्या आपले नियम करताना जितक्या कडक असत, तितक्याच मोडताना. जाताना दोरसानीने ते फडकं आत्यांना दिलं.

तेव्हापासून आत्या महिन्यातल्या एका रविवारी दंडूला जायच्या. अक्षरं येत नव्हती, पण घोड्याच्या मागच्या खुराखालची तिसरी ओळ त्यांना पाठ होती. ती पुसायच्या, मग बाकीच्यांना उगाच वाईट वाटेल म्हणून सगळ्याच पुसायच्या. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा नेऊन घोड्याखाली ठेवायच्या. पहिल्या वर्षी पाद्र्याने भुवया वर केल्या. दुसऱ्या वर्षी त्याने विचारलं, की याच्यात लसूण आहे का? तिसऱ्या वर्षी भरीत पोचायला उशीर झाला तेव्हा तो फाटकात उभा होता. भंडारा उधळायला त्याने बंदी केली होती, ती आत्यांनी पाळली. म्हणजे चिमूटभरच टाकायच्या आणि नंतर स्वतःच पुसायच्या.

चीनची लढाई लागली तेव्हा आत्या मधल्याच वारी गेल्या. मी बरोबर होते. भिंतीपुढे उभं राहून त्यांनी घोडेस्वाराला बजावलं, की इथे भिंतीला चिकटून काय बसलास, वर बर्फात जा, तिकडे गरज आहे, आणि या सगळ्यांना घेऊन जा, पण पुन्हा नवीन नावं आणू नकोस. मग खालच्या ओळी नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत बसल्या.

जेजुरीला आम्ही खरोखर गेलो तेव्हा आमची दोन पोरं शाळेत जात होती. यांची कंबर धरलेली. पहिल्याच पायरीपाशी एक पुजारी म्हणाला, जोडपं आहे का, उचला मालकीणबाईंना, पाच पायऱ्या. हे माझ्याकडे बघून पांढरे पडले. मी तोवर आणखी भरले होते. आत्यांनी पुजाऱ्याला थांबवलं. म्हणाल्या, आमचं झालंय ते, बंगळूरला. पुजारी म्हणाला, बंगळूरला कुठे आहे खंडोबा? आत्या म्हणाल्या, दंडूत.

चढताना त्या मध्ये एकदा दम घ्यायला बसल्या. यांना म्हणाल्या, “पहिल्या दिवशीच तू वाचलं होतंस. मला ठाऊक होतं.”

हे पायरीवर सांडलेला भंडारा बोटाने गोळा करायला लागले.

“लहानपणापासून वाचताना तुझे ओठ हलतात. चार शब्द वाचलेस आणि ओठ मिटलेस. भाविकांची म्हणे.” त्यांनी गुडघे चोळले. “मी पण म्हटलं, असू दे. हिच्या लाथा किती दिवस खायच्या?”

वर गाभाऱ्यात अंधार आणि रेटारेटी. देव चांदीच्या मुखवट्यात, फुलांत बुडालेला. दिसला न दिसला, तोवर पुजाऱ्याने आम्हाला पुढे ढकललं. बाहेर उन्हात आल्यावर आत्यांनी पदरावरची हळद झटकली, मागे वळून एकदा पाहिलं, आजूबाजूला ऐकणारं कुणी नाही याची खात्री केली आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

“घोडा आपला चांगला,” त्या म्हणाल्या.